दुमडलेला कोपरा

दि. ४ फेब्रुवारी

सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आईने ते आधी स्वतः वाचलं आणि मग माझ्या हाती दिलं. म्हणजे घरातले कायदे जागच्या जागी आहेत, तेवढी काळजी करू नकोस.

अर्धांगवायूच्या झटक्यातून ती बरीच सावरली आहे. काठी घेऊन खोलीतल्या खोलीत फिरते. तोंडाचा वाकडेपणा जवळजवळ गेला. उजवा हात मात्र खांद्यापासून बोटांपर्यंत तसाच आहे. मांडीवर ठेवला की मांडीवर, उशीवर ठेवला की उशीवर. दुसऱ्या कुणाच्या आईचं असं झालं असतं तर हात गेला म्हणून लोक मोकळे झाले असते. आपल्या आईची वाचाच अर्धी गेली आहे. जन्मापासून जिला ऐकू आलं नाही, जिने आपल्याला रागावणं, समजावणं, चहाड्या करणं सगळं दोन हातांनी केलं, ती आता एकट्या डाव्या हाताने बोलते. भूक लागली, खिडकी लाव, एवढं कळतं. दोन्ही हात लागणाऱ्या खुणा अर्ध्यावरच राहतात. मी अंदाजाने मान हलवली की तिला लगेच कळतं की मला काही समजलेलं नाही, आणि मग ती भिंतीकडे तोंड करून बसते.

व्हिडिओवर बोलायला ती तयार नाही. बोबडं बोलताना मला माझ्या मुलीने बघायचं नाही, असं तिने डाव्या हातानेच बजावलं. तेव्हा पूर्वीसारखी पत्रंच बरी.

आता चांगली बातमी. पुनर्वसन केंद्रात तिच्यासाठी एक यंत्र मिळालं आहे. टेबलाला जोडलेला यांत्रिक हातच म्हण ना. त्याच्या खोबणीत तिचा हात ठेवून पट्टे आवळतात आणि बोटांवर हातमोजा चढवतात. मोज्याच्या प्रत्येक बोटावरून एक तार, आणि तारेमागे मोटार. समोरच्या पडद्यावर चेंडू दिसतो, तो पकडायचा. आईने थोडा जोर लावला तर उरलेला यंत्र लावतं, आणि हात भलतीकडे गेला तर हळूच धरून वाटेवर आणतं. बरोबर झालं की हिरवा दिवा, चुकलं की लाल. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, मला पाहताक्षणी ते आवडलं. लिफ्ट मजल्यापाशी बोटभर वर-खाली थांबली की तिला पातळीवर आणतात, तसंच हे.

आईने यंत्राचं बारसं पहिल्याच दिवशी केलं. खूण केली, नाक वर, हनुवटी पुढे. म्हणजे सासूबाई. का, तर हात सोडत नाही आणि चुका मोजते. तिथल्या थेरपिस्ट बाई आल्या आल्या दोन्ही बाह्या वर सारतात, म्हणून त्या बाह्यावाली. बाईंना मी हे सांगितलं तर त्या हसल्या आणि पुन्हा बाह्या सारल्या.

तुझी तब्येत सांभाळ. भाऊजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
ठोक्या


दि. १६ फेब्रुवारी

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हा मायना लिहिताना दर वेळी हसू येतं. पाळण्याच्या कठड्यावर मूठ आपटायचास म्हणून आईने छातीवर दोनदा मूठ आपटून तुझं नाव ठेवलं, आणि आता तू एवढा घोडा झालास तरी ते सुटत नाही. मी तरी काय, पडून भुवई फुटली ती दोन वर्षांची असताना, आणि तेव्हापासून जन्माची भुवईवरचं बोट होऊन बसले. शाळेच्या हजेरीपटावरचं नाव कुणी पुकारलं की अजून मला वाटतं, दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत.

डॉक्टरांनी मला पडून राहायला सांगितलं आहे, बाळ येईपर्यंत. वर्गात उभं राहून गणित शिकवणाऱ्या बाईला ही शिक्षाच. दिवसभर वाचत असते आणि परवा एका पुस्तकाच्या पानाचा कोपरा खूण म्हणून दुमडला. दुमडला आणि दचकले, की आई बघेल. आठवतं ना तुला? वाचनालयाची फाटकी पुस्तकं तिच्या बांधणीखान्यात यायची, आणि शिवायला घेण्याआधी ती एकेक पान तपासायची. दुमडलेला कोपरा दिसला की बोटाने उलगडायचा आणि अंगठ्याने दाबत टोकापर्यंत न्यायचा. आपल्या हातून दुमडला गेला तर आधी कानफटीत आणि मग तोच अंगठा आपल्या गालावरून. मी कोपरा सरळ केला, पण तिच्यासारखा सपाट होत नाही.

धाकट्या, एक गोष्ट मनात घर करून बसली आहे ती लिहूनच टाकते. आपल्या घरात माणसाचं खरं नाव आईच ठेवते. समोर घेते, तोंड नीट पाहते आणि उजव्या हाताने ठेवते. तुझ्या भाऊजींचं ठेवलं, तुझ्या मित्रांची ठेवली, मांजराचंही सोडलं नाही. माझ्या बाळाचं नाव तिने ठेवल्याशिवाय मला ते पूर्ण जन्मलं असं वाटणार नाही. तेव्हा व्यायामात ढिलाई नको. ती लबाडी करेल, दमले म्हणेल, तू विरघळू नकोस.

आईस शि. सा. न. तिला सांग, मी सासूबाईंच्या बाजूने आहे.

तुझी
ताई


दि. १ मार्च

सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राचा परिणाम औषधाहून जास्त झाला. नावाबद्दलचं तू लिहिलेलं आईने पुन्हा पुन्हा वाचलं, पत्र उशीखाली ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी मला उठवायला स्वतःच काठी आपटत आली. केंद्रात आम्ही दार उघडायच्या आधी पोचतो. झाडूवाला आता आम्हाला ओळखतो. त्याचंही नाव ठेवून झालं आहे, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

बाह्यावाल्या बाई म्हणतात की खांदा आणि कोपर सुधारतील, बोटांचं सांगता येत नाही, बोटं सगळ्यात शेवटी येतात आणि कधी येतच नाहीत. मी हे आईला अर्धंच सांगितलं. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि उरलेलं अर्धं स्वतःच ओळखलं. मग कागदावर खरडून म्हणाली की डाव्या हाताने ठेवलेलं नाव ओवळं, ते मी माझ्या नातवंडाला देणार नाही.

मी म्हटलं की बाळ काही पारखून घेणार नाही. त्यावर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी गुपचूप चहा टाकायला गेलो.

खाली आईने स्वतः काही लिहिलं आहे. अक्षर डाव्या हाताचं आहे, हसू नकोस. तुझा जीव तिच्यात आहे तसा तिचा तुझ्यात, एवढं ध्यानात असू दे.

ठोक्या

ता. क. बाळ घेऊन ये. आधी काही सांगू नको. मी बघीन.


दि. २२ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मामा झालास. मुलगी. भाऊजींनी तार केल्यासारखा दोन शब्दांचा निरोप धाडला असेल, म्हणून सविस्तर लिहिते. लवकर आली आणि पोट फाडून आली, त्यामुळे मला अजून उठता-बसता ब्रह्मांड आठवतं. पण ती छान आहे. केस भरपूर, रडणं खणखणीत, नाक आपल्या बाबांचं. ते असते तर नाकाचा हक्क सांगत गल्लीभर हिंडले असते. उजव्या कानाची वरची कड आत दुमडलेली आहे. मी घाबरले होते, पण डॉक्टर म्हणाले की पोटात दाटीवाटी झाली असेल, हळूहळू आपोआप उलगडेल.

आई म्हणाली होती की आधी काही सांगू नको. पण मला राहवलं नाही, फोटो पाठवते आहे. तिला म्हणावं, नुसतं बघ, नाव मात्र समोरासमोरच.

प्रवासाला डॉक्टरांची अजून परवानगी नाही. ती मिळाली की लगेच निघते. तोवर तिला सगळे बाळच म्हणतात. कागदावर नाव लावलं आहे, पण ते सरकारसाठी.

आईला माझ्या वतीने घट्ट मिठी मार.

ताई


दि. ९ एप्रिल

सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो आईने खिडकीपाशी नेला, उजेडात धरला, जवळ घेतला, लांब धरला. बांधणीखान्यात कागद पारखायची तसा. मी विचारलं, सुचलं का काही. तर म्हणाली, फोटोवरून नावं ठेवायला मी काय कारकून आहे. फोटो आता यंत्राच्या पडद्याखाली टेकवून ठेवते आणि तिथेच बघत बसते, चेंडूकडे लक्ष नाही.

आणि इथेच घोडं पेंड खातं आहे. खांदा सुधारला, कोपर उचलतो. बोटांत थोडी जान आली म्हणून आम्ही खूश होतो, तर तिने भलतंच सुरू केलं. यंत्र सांगतं मूठ उघड, ही पहिलं बोट वाकवून अंगठ्यावर आणते. यंत्र ते बोट सरळ करतं, ही पुन्हा वाकवते. पडद्यावर लालच लाल. बाई म्हणतात की झटक्यानंतर असा ताठरपणा येतो, स्नायू आपोआप आखडतात, वेळीच आवरलं नाही तर बोट तसंच राहील. मी आईला विचारलं की मुद्दाम करतेस का. तर डाव्या हाताने म्हणाली की हे माझं काम आहे, तू तुझ्या लिफ्टा बघ.

परवा माझा तोल सुटला. मी तिचं बोट धरून सरळ केलं आणि तिच्या डोळ्यांसमोर बोट नाचवून सांगितलं की असं नाही, असं. नंतर वाईट वाटलं. पण ताई, मला यंत्रं कळतात. लाल दिवा लागला तर कुठेतरी बिघाड असतोच. बाई म्हणतात की तासाच्या शेवटी थोडा वेळ त्या यंत्राचा जोर बंद करून हात मोकळा सोडतात, तेव्हा तर ती दुसरं काही करतच नाही. आता घरी बोट सरळ राहावं म्हणून पट्टी बांधायची का, असं विचारताहेत. तुझं काय मत?

बाळाला मामाचा पापा. रागावू नकोस, पण उत्तर लवकर धाड.

ठोक्या


दि. १९ एप्रिल

चि. ठोक्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाळ झोपलं आहे तेवढ्यात चार ओळी. पट्टी बांध. आईचा हट्ट आपल्याला नवा नाही आणि लाड करायची ही वेळ नाही. बाई शिकलेल्या आहेत, त्यांना कळतं. तिला म्हणावं, ताईने सांगितलं आहे, बोट सरळ झालं नाही तर नाव कशाने ठेवशील.

मे महिन्याच्या अखेरीस आम्ही तिघं येतो आहोत. तिकिटं काढली. आता दिवस जाता जात नाहीत.

ताई


दि. ६ मे

ताई,

फोनवर भाऊजींशी बोललो ते तुला कळलंच आहे. तू यायला निघणार होतीस, त्यांनी आणि डॉक्टरांनी अडवलं, तेही कळलं. बरं केलं. टाके उसवून आली असतीस तर आईने मलाच धारेवर धरलं असतं.

दुपारी जेवण झालं. पट्टी टोचते म्हणाली, मी थोडी सैल केली. तिने ती पूर्ण काढायला सांगितली आणि मी नाही म्हटलं. मग खुर्चीत बसली, फोटो मांडीवर. मी भांडी विसळत होतो. परत आलो तर मान एका बाजूला गेली होती. दुसरा झटका. दवाखान्यात नेईपर्यंत होती, नंतर नव्हती. त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच असं सांगतात की काय कोण जाणे.

पट्टी दवाखान्यात काढली. मी काढली नाही, नर्सने काढली.

माणसं आली होती. बांधणीखान्यातल्या सगळ्याजणी आल्या. त्यांना खुणा येत नाहीत, पण तिच्यासारखे ओठ हलवून, आवाज न करता एकमेकींशी बोलत होत्या. इतकी वर्षं तिच्याबरोबर काढली, सवयच लागली असेल. मला तेवढ्यानेच रडू फुटलं.

घर फार मोठं झालं आहे. आपल्या घरात आवाज कधी नव्हताच, पण ही शांतता वेगळी आहे. कुणी काठी आपटत नाही.

स्वतःला जप. बाळाला जप.

ठोक्या


दि. १७ मे

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

कितीदा लिहायला बसले आणि उठले. लिहिण्यासारखं खूप होतं, पण आई आधी वाचणार नाही असं पत्र मी आजवर लिहिलेलंच नाही. कुणासाठी लिहायचं ते कळेना.

आज मात्र थांबवत नाही. सकाळी बाळाला पाजत होते. तिचा तो कान. मी नेहमीप्रमाणे दुमडलेली कड बोटाने उलगडली आणि अंगठ्याने हलकेच दाबली. रोज करते, लक्ष न देता. आज माझा हात तिथेच थांबला. हा हात माझा नव्हता रे. हा बांधणीखान्यातला हात होता.

पहिलं बोट वाकवून अंगठ्यावर आणते, असं तू लिहिलं होतंस. ते पत्र मी पुन्हा काढून वाचलं. धाकट्या, पानाचा कोपरा दुमडून बघ. पहिलं बोट आणि अंगठा. तिने फोटोत कान पाहिला. तिने नाव ठेवलं होतं. मी येईपर्यंत कुणाला सांगायचं नव्हतं, म्हणून आपल्या दोघांपासून लपवून, उजव्या हाताला ते शिकवत होती. आणि यंत्र ते पुसत होतं, तू ते पुसत होतास, आणि मी पत्रातून हुकूम सोडला की पट्टी बांध. आईच्या तोंडावर पट्टी बांध असंच मी लिहिलं. आपण दोघं, जे तिच्या हातांवर वाढलो, आपल्याला तिचं बोलणं ओळखू आलं नाही.

मला चुकीचं ठरव. तिचा ताठरपणाच होता असं बाईंना विचारून लिही, मला बरं वाटेल. नाही, खरं ते लिही.

आम्ही ठरल्याप्रमाणे येतो आहोत. ती नाही तरी येतो आहोत. माझ्यावर रागावला असशील तर आल्यावर राग.

ताई


दि. २५ मे

सौ. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

राग कसला. पट्टी तू सांगितलीस, बांधली मी. वाटणी करत बसलो तर आई दोघांच्याही पाठीत धपाटा घालेल.

तुझं पत्र घेऊन मी सरळ केंद्रात गेलो. बाह्यावाल्या बाईंना वाचून दाखवलं. या वेळी त्यांनी बाह्या सारल्या नाहीत. मग म्हणाल्या की ताठरपणात बोट आखडतं आणि आखडलेलंच राहतं, परत आपणहून उघडत नाही. आईचं उघडत होतं का, हे त्यांनी नीट पाहिलं नव्हतं. लाल दिसलं की पुढे जायचं, अशी सवय झालेली. मलाही तीच सवय.

पण यंत्राला सगळं आठवतं. प्रत्येक तासाला हात कुठे गेला, कोणतं बोट किती वाकलं, ते सगळं ते साठवून ठेवतं. चुकलेलंही. बाईंनी आईचा शेवटचा दिवस काढला, त्यातला तासाच्या शेवटचा भाग, जोर बंद करून हात मोकळा सोडलेला. पडद्यावर नुसत्या वर-खाली रेघा होत्या. मला काही उमगेना. मग त्यांनी विचारलं की तुम्ही हात घालता का. जे साठवलं आहे ते यंत्र दुसऱ्या हातावर चालवू शकतं, नव्या माणसाला हालचाल शिकवताना ते तसंच करतात.

मी तिच्या खुर्चीत बसलो. उजवा हात खोबणीत ठेवला, मोजा चढवला. बाई म्हणाल्या की स्वतः काही करू नका, हात सोडून द्या.

आधी काही झालं नाही. मग माझं पहिलं बोट ओढलं गेलं. हळू, थरथरत, मध्येच अडकत. वाकलं आणि अंगठ्यावर येऊन टेकलं. तू म्हणालीस तेच, ताई. दुमडलेला कोपरा. मी बाईंना म्हणणार होतो की पुरे, कळलं. पण ते थांबलं नव्हतं. बोट पुन्हा उघडायला लागलं. आणि माझा अंगठा त्याच्या मुळाशी येऊन टेकला आणि बोटावरून दाबत दाबत टोकाकडे निघाला. अर्ध्यावर अडकला, मागे आला, पुन्हा निघाला. टोकापर्यंत गेला. मग थोडं थांबून परत पहिल्यापासून. बाईंनी आधीचे दिवस काढले. त्यांत अंगठा अर्ध्यावरच राहत होता, पट्टी बांधली तरी रोज थोडा पुढे जात होता. शेवटच्या दिवशी तो पोचला.

तुला अर्धंच नाव कळलं होतं. ती बाळाला दुमडलेला कोपरा म्हणत नव्हती. कोपरा सरळ करून टोकापर्यंत अंगठा फिरवणं, एवढं सगळं मिळून नाव आहे. शिवायला घेण्याआधी ती पानाचं जे करायची ते. आणि मग आपल्या गालावर जे करायची ते.

मी तिथे खूप रडलो. बाईंनी मोजा काढला नाही, मी म्हणेपर्यंत चालू ठेवला. माझा हात तिच्याएवढा दुबळा नाही, त्यामुळे ती अडखळ मला आता घरी करून बघता येत नाही. नाव मात्र येतं. येता-जाता करतो. काल लिफ्टच्या खोलीत करत होतो तर बरोबरचा माणूस विचारायला लागला, बोटाला काही लागलं का.

बाळाला ते तू करून दाखवू नकोस. पत्रावरून तर मुळीच नको. घरचा कायदा आहे, समोर घ्यायचं, तोंड नीट बघायचं आणि उजव्या हाताने ठेवायचं. तुम्ही या. मी स्टेशनवर येतो. आईचा उजवा हात बरा झाला होता, ताई, आणि तो मी तुझ्या मुलीसाठी शिकून ठेवला आहे.

कान इतक्यात पूर्ण उलगडू देऊ नकोस. माया आहे, ती घेऊनच निघ.

तुझा
ठोक्या